महापूर, दोषारोप आणि माध्यमांचा कल : कृष्णाकाठचा धडा

नैसर्गिक आपत्तीनंतर पहिले काही दिवस बातम्यांचा विषय पाणी, पाऊस आणि बचावकार्य हा असतो. पूर ओसरू लागला की प्रश्न बदलतो : दोष कुणाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वृत्तमाध्यमे नकळत वा जाणूनबुजून एका बाजूला झुकतात, तेव्हा त्यास दोषारोपातील पक्षपात म्हणता येईल. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा खोऱ्याचा महापूर हे त्याचे सीमाभागाला सर्वांत जवळचे उदाहरण होय.

एका पाण्याच्या दोन बातम्या

त्या महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे नाव उलटून ग्रामस्थांचे बळी गेले. त्याच दिवसांत बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक आणि रामदुर्ग हे तालुकेही जलमय झाले होते.

पूर एक होता. कथने मात्र दोन झाली. महाराष्ट्रातील चर्चेत आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर बोट ठेवले गेले. कर्नाटकात ‘महाराष्ट्राने पाणी सोडले’ हे वाक्य ठरून गेले आणि कोयनेच्या विसर्गाचे आकडे मथळ्यांत आले. त्या वेळी केंद्रात आणि दोन्ही राज्यांत एकाच पक्षाची सत्ता होती. तरीही दोषाची रेषा राज्याच्या हद्दीवरूनच गेली. राज्याच्या आत ती पक्षभेदावरून गेली : महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांची यात्रा आणि मंत्र्यांच्या बोटीतील चित्रफिती, तर कर्नाटकात मंत्रिमंडळाविना चाललेला एकट्या मुख्यमंत्र्यांचा कारभार हे टीकेचे विषय झाले.

आकडे आणि भूगोल

आलमट्टीची सध्याची पूर्ण साठवण पातळी ५१९.६ मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. त्यामुळे सांगलीकरांच्या मनातील भीती निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. तथापि २०१९ च्या पुराची कारणमीमांसा करण्यासाठी महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने आलमट्टी व हिप्परगी यांना त्या पुराचे कारण मानले नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला विलक्षण पाऊस आणि पूररेषेतील अतिक्रमणे व बांधकामे यांकडे समितीने लक्ष वेधले. तिच्या निष्कर्षांशी असहमत असणारे आजही आहेत. मात्र आरोप जितक्या मोठ्या अक्षरांत छापले गेले, तितक्या अक्षरांत हा अहवाल छापला गेला नाही.

दुसऱ्या बाजूचे कथनही भूगोलाच्या कसोटीवर अपुरे ठरते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्या महाराष्ट्रातून कर्नाटकात येतात, हे खरे. परंतु मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते आणि तिचे खोरे कर्नाटकातच आहे. रामदुर्ग-बदामी परिसरातील तिच्या पुराचे खापर कोयनेवर फोडता येत नाही. त्यासाठी नविलुतीर्थ धरणाचे परिचालन, नदीपात्राची अवस्था आणि घाटमाथ्यावरचा पाऊस यांचाच हिशेब मांडावा लागतो.

कल कोठून शिरतो?

पहिले कारण उगमस्रोताचे. आपत्तीत वार्ताहराला तत्काळ उपलब्ध होतात ते मंत्री, पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी. ते आपल्या बाजूचे आकडे देतात. पलीकडच्या अभियंत्याला विचारण्यास वेळ नसतो, पुष्कळदा भाषाही नसते.

दुसरे कारण मांडणीचे. अमेरिकी अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की सुट्या घटनेच्या रूपात दिलेली बातमी आणि प्रश्नाची पार्श्वभूमी उलगडणारी बातमी यांवरून प्रेक्षक जबाबदारी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. मंत्र्याची चित्रफीत ही घटना आहे. वर्षानुवर्षे पूररेषेत दिले गेलेले बांधकाम परवाने ही प्रक्रिया आहे. चित्र घटनेचेच मिळते.

तिसरे कारण सोयीच्या निवडीचे. केरळच्या २०१८ च्या पुरानंतर केंद्रीय जल आयोगाने अतिवृष्टीला कारण ठरवले, तर उच्च न्यायालयाच्या न्यायमित्राने २०१९ मध्ये धरण परिचालनातील त्रुटींवर बोट ठेवून चौकशीची शिफारस केली. दोन्ही दस्तऐवज उपलब्ध असताना सत्ताधारी पहिल्याचा आणि विरोधक दुसऱ्याचा आधार घेत राहिले.

दोष विचारूच नये काय?

पक्षपात टाळणे म्हणजे ‘निसर्गापुढे कुणाचे चालते’ असे म्हणून सर्वांना निर्दोष सोडणे नव्हे. तोही एक कलच आहे आणि सत्ताधाऱ्यांना तो नेहमी सोयीचा असतो. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले ते मुख्यतः संरक्षक भिंती फुटल्यामुळे. त्या भिंतींच्या रचनेतील दोष शोधणे आवश्यकच होते. महापौर, राज्यपाल की राष्ट्राध्यक्ष, या वादात तो प्रश्न मागे पडू लागला होता.

कृष्णाकाठी विचारण्याजोगे प्रश्न असेच नेमके आहेत. सिंचन व वीजनिर्मितीसाठी धरण भरलेले हवे आणि पूरनियंत्रणासाठी रिकामे हवे. मग जुलैअखेर जलाशयात किती जागा मोकळी ठेवली होती? विसर्गाची सूचना खालच्या गावाला किती तास आधी मिळाली? पूररेषेतील बांधकामाला परवाना कोणी दिला? या प्रश्नांची उत्तरे दोन्ही राज्यांच्या दप्तरांत आहेत. संवादाने फरक पडतो, याची जाणीव शासनांनाही झाली : जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बेंगळुरूत मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांची भेट घेऊन विसर्गाच्या समन्वयावर चर्चा केली.

सीमाभागातील मराठी वाचक दोन्ही राज्यांची वृत्तपत्रे वाचू शकतो, हे त्याचे विशेष बळ आहे. दोन्हीकडच्या बातम्या शेजारी ठेवल्या, की कोणता आकडा कोठे गळला ते दिसते. दोष चुकीच्या दारात टाकला गेला, तर खऱ्या दारातील दुरुस्ती होत नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा त्याच घरांत शिरते.