खांदेरीचा दीपस्तंभ : काय पाहायचं, कसं जायचं

कुर्डुवाडी : इकडं 'लाईट' म्हटलं की जुन्या माणसांना बार्शी लाईट रेल्वे आठवते. समुद्रातली लाईट बघायची तर अलिबागजवळच्या थळ गावासमोर खांदेरी बेटावर जावं लागतं.

हे बेट म्हणजेच किल्ला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला. इंग्रजांच्या आरमारानं वाट अडवली, पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी काम थांबू दिलं नाही. पुढं इंग्रजांनीच मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी १८६७ मध्ये याच किल्ल्यात दीपस्तंभ उभारला. मनोरा आठकोनी, २५ मीटर उंच. खाली रखवालदाराचं घर आणि त्याच घरातून मनोरा वर गेलाय, ही त्याची खासियत. टेकडीवर असल्यानं उजेड लांबून दिसतो. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, तर जुलै २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत आला. तटबंदी, चाकाच्या गाड्यावरच्या तोफा आणि कोळ्यांचा वेताळही बघण्यासारखा आहे.

कुर्डुवाडीहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुढं अलिबागला एसटी, मग थळ. तिथून मच्छीमारांची होडी ठरवावी लागते. भाडं आणि परतीची वेळ चढण्याआधीच पक्की करा, लाईफ जॅकेट मागून घ्या. मनोऱ्यात वर सोडतात का, तेही थळमध्येच विचारा. पावसाळ्यात जाऊच नये. आपल्याकडच्या उजनीच्या पाण्यावरून समुद्राचा अंदाज बांधू नका. बेटावर हॉटेल नाही, पाणी-भाकरी बरोबर न्यावी.