दोन राज्यांच्या मध्ये राहून गेलेली पुस्तके

पांढुर्णा आणि सौसरकडील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी लाकडी पेटी असतेच. तीत शिवलीलामृत, पांडवप्रताप, ज्ञानेश्वरी, एखादे भक्तिविजय आणि वाळवीने कडा कुरतडलेले काही दिवाळी अंक असतात. घरातील मुले हिंदी शाळेत शिकली, नातवंडे इंग्रजी शाळेत गेली आणि पेटीचे कुलूप गंजत गेले. मागे आमच्याच परिचयातील एका घरी वाटण्या झाल्या, तेव्हा भांडीकुंडी मोजून घेतली गेली आणि पेटी मात्र वजनावर रद्दीत गेली. आम्ही पोचलो तेव्हा रिकाम्या पेटीत कांदे भरले होते. तेव्हापासून ‘आपल्याकडे कोणती पुस्तके वाचावीत’ हा प्रश्न आम्हांस केवळ रसिकतेचा वाटत नाही.

आपल्या वाचनात एक चमत्कारिक पोकळी आहे. पुण्या-मुंबईकडचे लेखक आपण आवडीने वाचले. परंतु आपण ज्या मातीवर उभे आहोत तिच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुधा आपल्या हाती आलेच नाही. याचे कारण इतिहासात आहे. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे नागपूर हीच आपली राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा आणि बैतूल मध्य प्रदेशात राहिले. नागपूर प्रांताचा इतिहास त्या दिवशी दोन राज्यांत विभागला गेला. पलीकडच्या पाठ्यपुस्तकांत मराठ्यांचा इतिहास शनिवारवाड्याभोवती फिरतो. अलीकडच्या पुस्तकांत मराठी ग्रंथांना स्थान असण्याचे कारणच नाही.

पहिले नाव आम्ही ‘लीळाचरित्रा’चे घेतो. हा ग्रंथ दुर्लक्षित कसा, असे कोणी विचारील. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. पण तो वाचलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरास संकलित केल्या. ऋद्धिपूर म्हणजे कोठे दूरदेशी नव्हे. वरूड-मोर्शीच्या वाटेने सकाळी निघालेला माणूस दुपारपूर्वी तेथे पोचतो. चक्रधरांच्या तपश्चर्येचे स्थान म्हणून महानुभाव ज्यास मानतात ते सालबर्डी तर सातपुड्याच्या कुशीत, आजही दोन राज्यांच्या सीमेवर आहे. मराठी आपल्याकडे भोसल्यांच्या घोड्यांबरोबर आली, असे आपल्यातीलच काही जण समजतात. त्यांनी ऋद्धिपूर आणि पांढुर्णा यांमधील अंतर एकदा नकाशावर पाहावे.

म्हाइंभटांनी ज्या ज्या व्यक्तीने प्रसंग पाहिला तिच्याकडे जाऊन तो विचारून घेतला. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर तो पुसून न टाकता नोंदवण्याची रीत या परंपरेत आहे. आजच्या इतिहासकाराने हेवा करावा अशी ही सचोटी. पुढे मूळ प्रत धाडीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. त्यात काय नाही? प्रवासातील मुक्काम, जेवणाखाणातील बारकावे, रुसवेफुगवे, बाइसांची काळजी, शंकेखोरांचे प्रश्न. वाक्ये इतकी आखूड आणि बोलती आहेत की पहिल्या दहा पानांची अडचण सरली म्हणजे आजीच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटते. शास्त्रार्थ संस्कृतात मांडू पाहणाऱ्यांना नागदेवाचार्यांनी अडवले ते याचसाठी की, तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील. ज्यांची भाषा घरापुरती उरली आहे अशा आपल्यासारख्यांना या प्रसंगाचा अर्थ अधिक कळावा.

नागपूरच्या ह. ना. नेने यांनी हा ग्रंथ प्रथम छापून आणला, वि. भि. कोलते यांची संपादित प्रत १९७८ मध्ये निघाली. नवख्याने ‘एकांक’ सोडून ‘पूर्वार्धा’पासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे, जाणकार रागावतील, पण वाचक टिकेल.

दुसरा ग्रंथ यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४). देवगडचे गोंड राज्य, तेथील बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले नागपूर, त्याच्या वंशातील कलहात रघूजी भोसल्यांचा झालेला शिरकाव, १८१८ मध्ये अप्पासाहेबांचे इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास जाणे, हे सारे आपल्या परिसरातच घडले. देवगडचा किल्ला तर आपल्या छिंदवाड्याकडचाच. काळे हे वकिली शिस्तीने लिहितात, रंग भरीत नाहीत. ग्रंथ मुख्यतः दरबारांचा आणि मोहिमांचा आहे, नांगर धरणाऱ्याचा नाही. ही उणीव मान्य करूनही आपली घराणी या मुलखात कोणत्या राजवटींखाली नांदली हे समजण्यास याहून सोयीचे मराठी पुस्तक आम्हांस माहीत नाही.

तिसरे पुस्तक कादंबरी आहे: श्री. व्यं. केतकरांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’. ज्ञानकोशकार म्हणून केतकरांना आपण नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरचा, म्हणजे मध्यप्रांतातला, हे कितीजणांच्या ध्यानात असते? कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहिलेला हा माणूस कादंबरीकडे वळला तो समाजशास्त्र सोडून नव्हे. त्यामुळे त्यांची पात्रे मधूनमधून थांबतात आणि लेखकच बोलू लागतो. कलेच्या कसोटीवर समीक्षकांनी त्यांना कमी गुण दिले. दुर्गाबाई भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ लिहून त्यांच्या विचारांचे मोल दाखवले. आम्ही दुर्गाबाईंच्या बाजूचे आहोत. कथानक सैल आहे, हे खरेच. परंतु पुण्याला केंद्र न मानता मराठी समाजाकडे पाहता येते, ही गोष्ट त्या काळी किती लेखकांना सुचली होती?

ऋद्धिपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि पांढुर्णा २०२३ पासून सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला आहे. या तिन्ही गोष्टींचा आनंद आहे. पण माळ्यावरची पेटी उतरवण्याचे काम यांतील कोणीही करणार नाही. काळे यांच्या ग्रंथाची जुनी प्रत ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती आम्हांस कळवावी. पाने सुटली असली तरी चालेल, बांधून देऊ. आणि कोणाच्या आजीस महदंबेच्या धवळ्यांसारखी लग्नातली गाणी येत असतील, तर ती आधी उतरवून घ्यावीत. कागद थोडी वर्षे थांबेल.