निळीचा पांढरा आणि पिवडीचा मोतिया

माळव्यातल्या जुन्या मराठी वाड्यांच्या खोल्या पांढऱ्या असत, असे आपण सहज म्हणतो; पण तो पांढरा एक नव्हता. चुन्याच्या निवळीत चिमूटभर नीळ पडली की एक, पिवडी पडली की दुसरा. दोहोंनाही आमच्याकडे ‘साधा रंग’च म्हणत, आणि दिवाळीपूर्वी पुताईवाला दारी आला की घरात मतभेद होई तो या दोहोंवरूनच.

यांपैकी पिवडीचा मोतिया वयाने फार मोठा. पिवडी ही लोहयुक्त माती. चुन्याच्या दाहकतेने ती बिघडत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतही पिवळ्या मातीचा रंग आहे. निळाही तेथे आहे, परंतु तो लाजवर्द पाषाणाचा, दूर बदख्शानच्या खाणींतला. तो भिंतीच्या चुन्यात कालवण्याची ऐपत कोणाची? फ्रान्समध्ये गीमे याने १८२६ च्या सुमारास हाच निळा कारखान्यात करण्याची कृती शोधली आणि १८२८ मध्ये तिला पारितोषिक मिळाले. पुढे ही भुकटी स्वस्त होत धोब्याच्या घमेल्यापर्यंत आणि पुताईच्या बादलीपर्यंत पोहोचली. शेतात पिकणारी नीळ ती निराळी.

नीळ चुन्याचा पिवळसरपणा दडवते. भिंत अधिक शुभ्र भासते; प्रत्यक्षात मात्र ती थोडा कमीच प्रकाश परतवते. उघड्या चौकालगतच्या ओसरीवर हे खपून जाते. माजघरात समई-कंदिलाचा पिवळा उजेड पडला, की तीच भिंत करडी, उदास दिसू लागते. मोतिया त्या उजेडात उबदार होतो.

वाटणीनंतर आमच्याकडे वाड्यातले माजघर तेवढे उरले आहे, आणि यंदा ते रंगवायचे आहे. धाकट्या मंडळींना निळसर पांढराच ‘मूळचा’ वाटतो. वरचे पापुद्रे सुटले तेथे खाली मोतिया निघाला, तरी त्यांचे समाधान होत नाही. प्लास्टिक रंगाचाही आग्रह झाला. पण चुन्याच्या जुन्या भिंतीतली ओल त्याखाली कोंडते आणि रंगाला फोड येतात, म्हणून तो आम्ही ठाम नाकारला.

पिवडी आणवली आहे. प्रमाण सांगणारे वडीलधारे माणूस आता घरात उरलेले नाही. तेव्हा कोपऱ्यात हातभर जागेवर तीन निरनिराळी मिश्रणे लावून, ती पुरती वाळल्यावर, संध्याकाळी दिवा लावून पाहणार आहोत. ओला चुना आपला खरा रंग दाखवत नाही.