कुलूप शाबूत, कोयंडा गायब : आपल्या दारांचा थोडा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. सुट्टीत घराला कुलूप लावून गावाला निघण्याआधी वाचलीत तर बरं.

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, एक वाक्य तो न अडखळता म्हणून दाखवेल : 'अज्ञात चोरट्यांनी बंद घराच्या दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला.' पुढे कपाट, कपाटातलं सोनं, रोख रक्कम, पुढील तपास अमुक करीत आहेत. गेली वीसेक वर्षं हे वाक्य मी लिहितोय आणि वाचतोय. 'चोरट्यांनी कुलूप उघडून' असं मात्र जवळजवळ कधी येत नाही. चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. कटावणी कोयंड्यात घालतो, एक हिसका देतो. कुलूप बिचारं शाबूत, तुटलेल्या कोयंड्यासकट ओट्यावर पडलेलं.

हजार रुपयांचं कुलूप आणि पन्नास रुपयांचा कोयंडा, हे गणित आपल्याकडे आलं कुठून? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

'घरफोडी' हा शब्दच बघा. दारफोडी नाही, घरफोडी. जुन्या काळी चोर दाराने येतच नव्हता, भिंतीतून यायचा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातला शर्विलक आठवतो का? देवलांनी ते मराठीत आणलं, म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला तो पाठ होता. चारुदत्ताच्या घरात शिरताना हा पठ्ठ्या दाराकडे ढुंकून बघत नाही. भिंत कच्ची कुठे आहे ते चाचपतो, भगदाड कुठल्या आकाराचं पाडावं यावर विचार करतो, माप घ्यायला दोरी आणायला विसरला म्हणून गळ्यातल्या जानव्याने मोजतो. नाटककाराने गंमत केली आहे, पण चोरीची पद्धत खरी आहे. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, त्यातल्या कलम ४४५ मध्ये घरफोडी म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि खाली उदाहरणं दिली आहेत. पहिलंच उदाहरण भिंतीला भोक पाडून आत हात घालण्याचं! मातीच्या, कच्च्या विटांच्या भिंतींच्या देशात कायदा लिहिणाऱ्यालाही दार आधी सुचलं नाही.

आता आपल्याकडच्या जुन्या वाड्याचं दार डोळ्यांपुढे आणा. जाड सागवानी फळ्या, लोखंडी पट्ट्या, मोठाले खिळे, आणि मोठ्या दारातच एक छोटी दिंडी. दिंडीतून येणाऱ्याला वाकून, मान आत घालून यावं लागतं, म्हणजे आतल्याला सवड मिळते. पण खरी करामत आतल्या बाजूला असते : अडसर. दाराशेजारच्या भिंतीत खोल भोक, त्यात लपवलेला लाकडी वासा. रात्री तो ओढायचा आणि समोरच्या भिंतीच्या खोबणीत बसवायचा. बाहेरून कितीही धडका द्या, जोर दारावर नाही, दोन्हीकडच्या भिंतींवर जातो. पोराटोरांनाही ओढता येईल इतकी सोपी युक्ती, आणि त्यात एकही स्क्रू नाही.

मात्र अडसर बाहेरून लावता येत नाही. तो लावायला घरात माणूस पाहिजे. त्या दाराची सगळी रचनाच घर कधी रिकामं नसतं हे धरून केलेली. म्हातारी असायची, बाळंतीण असायची, गडी असायचा. यात्रेला निम्मं घर गेलं तरी निम्मं मागे राहायचं. कुलपं होती, पण ती पेटीला, कोठीला, देवळाच्या दानपेटीला. घर बाहेरून कुलूपबंद करून सगळेच्या सगळे निघून गेले, हा प्रकार चाकरमान्यांचा. म्हणजे तसा अलीकडचा.

आणि दाराबाहेर कोण होतं? रामोशी, जागल्या. पुणे, सातारा, नगर या पट्ट्यात गावाची राखण बऱ्याच ठिकाणी रामोशांकडे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराची पद्धत नोंदवली आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या हद्दीत पोचवला की जबाबदारी त्या गावची. माग लागलाच नाही तर ऐपतीप्रमाणे राखणदाराने नुकसान भरायचं, उरलेलं साऱ्या गावाने. प्रत्यक्षात पूर्ण भरपाई क्वचितच व्हायची, हेही त्यानेच लिहिलंय. तरी विचार करा, चोरी एका घरात झाली आणि हिशेब अख्ख्या गावाला द्यावा लागला! आज शेजारच्या घरी चोरी झाली तर आपण फार तर ग्रुपवर फोटो टाकतो.

थांबा. जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेलो नाही. ही राखण फुकट नव्हती, ती जातीच्या मानेवर ठेवलेली होती. रात्रभर जागायचं कुणी, हे जन्माने ठरलेलं. मोबदला म्हणजे बलुतं नाहीतर तुटपुंजी इनाम जमीन. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं होतं. आणि पहाऱ्याच्या हाती बेलगाम सत्ता दिली की काय होतं तेही पुण्याने बघितलंय. पेशव्यांच्या पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याला पकडत. १७७७ मध्ये घाशीराम कोतवाल झाला. पुढे १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले अनेक जण गुदमरून मेले आणि लोकांनी त्यालाच दगडांनी ठेचलं.

इंग्रज आल्यावर ही घडी विस्कटली. गडकिल्ल्यांवरचं काम गेलं, हक्क गेले, रामोशी उपाशी पडले. पुरंदरच्या उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच उठलं आणि १८३० च्या दशकात त्यांना फाशी झाली. आणि मग सरकारने जी गोष्ट केली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत कडू वाटते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. कधीकाळी राखण करणारे, रानात शिकार करणारे, गावोगाव फिरून पोट भरणारे, असे समाजच्या समाज जन्मतः चोर ठरवून टाकले. हजेरी, परवाना, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कायदा रद्द झाला १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. संशय रद्द झाला का? कुठेही चोरी झाली की पहिली जीप कुठल्या पालाकडे वळते, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही.

आता कुलपाकडे येऊ. अर्देशीर गोदरेज हे मूळचे वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा धंदा काढला, तो बसला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि १८९७ साली लालबागला कुलपं करायला घेतली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. (एका चोरीच्या बातमीवरून एवढा कारखाना उभा राहिला. आमच्या बातम्यांवरून साधा पथदिवा लागत नाही.) लिव्हरची, दुसऱ्या किल्लीला दाद न देणारी कुलपं हळूहळू घरोघर गेली. १९५४ ला 'नवताल' आलं आणि मध्यमवर्गाचा भरवसाच त्या पितळी ठोकळ्यावर बसला. उत्तरेत अलीगढचा कुलूपधंदा होताच, स्वस्त कुलूप तिकडून यायचं.

कुलूप उघडणं हे मुळात कारागिराचं काम, चोराचं नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने तिथलं नावाजलेलं चब कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. पुढे ब्रामाचं उघडायला त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास लागले. केवढी खळबळ उडाली! कारखानदार इरेला पेटले, कुलपं आणखी पक्की झाली. रात्री दोन वाजता तुमच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पन्नास तास नसतात. दोन मिनिटं असतात आणि एक कटावणी. तो सर्वांत कच्ची जागा शोधतो. शर्विलकाला ती भिंतीत सापडली, याला कोयंड्यात सापडते. भिंत सिमेंटची झाली, कुलूप पोलादी झालं आणि मधला कोयंडा पाऊण इंची स्क्रूवर लोंबकळत राहिला. वर बाहेर लटकणारं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतंय, आत कुणी नाही.

इथे कुणीतरी शनिशिंगणापूर काढणारच. नेवासे तालुक्यातलं हे गाव बिनदाराच्या घरांसाठी जगभर माहीत आहे. तिथली श्रद्धा तिथे, मी त्यात पडत नाही. मला रस आहे तो दोन तारखांत. जानेवारी २०११ मध्ये तिथे युको बँकेची शाखा निघाली, तिचं 'कुलूप नसलेली बँक' म्हणून कौतुक झालं, पण काचेचं दार बसवावंच लागलं. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. सगळे एकमेकांना ओळखतात तोवर नुसती चौकट पुरते. रोज हजारो अनोळखी माणसं यायला लागली की हिशेब बदलतो.

आपल्या गावातही तेच झालंय. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, गेली ते योग्यच झालं. पाटीलकीही वंशपरंपरेची राहिली नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील आला, मानधनावरचा एकटा माणूस. रात्रीच्या जागरणाची जागा मात्र कुणीच भरली नाही. नव्या प्लॉटिंगमध्ये तर शेजारच्याचं आडनाव आपल्याला गेटवरच्या पाटीवरून कळतं. पोरगं पुण्याला, लेक मुंबईला, म्हातारा-म्हातारी चार महिने इकडे, चार महिने तिकडे. अडसराच्या काळात कधीच नव्हती इतकी रिकामी घरं आज आहेत.

मग चोऱ्या वाढल्या की आपण काय करतो? काठ्या घेऊन गस्त घालतो. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यापासून शिरूरपर्यंत आकाशात ड्रोन दिसले म्हणून गावंच्या गावं जागली. जागायला माझी हरकत नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे म्हणून पाच जणांना मारून टाकलं, ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले होते. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्यात चोरांच्या अफवेवर दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. दोन्हीकडे गाव जागं होतं, पण माग काढायची कुणाची तयारी नव्हती. जुना रामोशी निदान पावलं बघायचा, आपण कपडे बघतो.

म्हणून या आठवड्यात आपल्या प्रभागात गस्तीची जी चर्चा चालू आहे, तिच्यात माझं म्हणणं एवढंच. गस्त घालणाऱ्यांची नावं आधी ठाण्यात द्या. अनोळखी माणूस दिसला तर हात उचलायचा नाही, ११२ ला फोन. पालावर, डोंबाऱ्याच्या तंबूवर 'चौकशी'ला जायचं नाही, ते काम पोलिसांचं आणि तेही पुरावा असेल तर. मागच्या बाजूच्या बोळातला दिवा दोन महिने बंद आहे, त्यासाठी नगरपालिकेत अर्ज मी देतोय, सह्या पाहिजेत.

आणि दाराचं. उद्या सुताराला बोलवा. कोयंडा स्क्रूवर असेल तर काढायला सांगा, आरपार बोल्ट घालून नट आतून आवळून घ्या, मागे लोखंडी पट्टी टाका. जमलं तर बाहेर लटकणाऱ्या कुलपाऐवजी दाराच्या जाडीत बसणारं कुलूप घ्या, म्हणजे घर बंद आहे की माणसं झोपलीत ते बाहेरून कळत नाही. चौकट पोकळ असेल तर तिच्यात महागडं कुलूप बसवून उपयोग नाही, आधी चौकट. गावाला जाताना सोनं लॉकरला आणि किल्ली शेजारी. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर निघण्याआधी तेवढं सुरू करून घ्या.

सह्यांसाठी रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर आहे.