मैत्री, लोभ आणि हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने वसंतातल्या संध्याकाळी एका इंग्रजी चित्रपटावर, आणि तोही खुनाच्या चित्रपटावर, बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही चित्रपटांचे जाणकार नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले, आणि जी काही पुस्तके वाचली ती दुसऱ्या पाळीहून वडिवळ्याला परतताना, कामशेतपर्यंतच्या लोकलच्या डब्यात. परंतु पैसा आणि मैत्री एका छपराखाली आली म्हणजे काय होते, हा प्रश्न आमच्या रोजच्या धंद्यातला आहे. त्या प्रश्नावर इतके स्पष्ट आणि इतके हसवीत बोलणारा दुसरा चित्रपट आम्ही पाहिलेला नाही.

चित्रपटाचे नाव ‘शॅलो ग्रेव्ह’, म्हणजे उथळ खड्ड्यातले थडगे. तो 1994 साली तयार झाला. दिग्दर्शक डॅनी बॉईल. पुढे मुंबईत येऊन ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ काढणारे गृहस्थ ते हेच. त्यांचा हा पहिला मोठा चित्रपट. कथा लिहिली जॉन हॉज यांनी. ते पेशाने डॉक्टर. एडिंबरो शहरात तीन मित्र एका प्रशस्त बिऱ्हाडात राहतात. डेव्हिड हा चार्टर्ड अकाउंटंट, अॅलेक्स हा वर्तमानपत्राचा बातमीदार, आणि ज्यूलिएट ही डॉक्टर. त्यांना चौथा भाडेकरू हवा असतो. येणाऱ्या उमेदवारांची ते जी टिंगल करतात, ती पाहताना आपल्याला हसू येते आणि थोडी लाजही वाटते. शेवटी ह्यूगो नावाच्या माणसाला खोली मिळते. थोड्याच दिवसांत तो मादक द्रव्याच्या अतिसेवनाने मेलेला आढळतो, आणि त्याच्या खोलीत नोटांनी भरलेली एक बॅग सापडते.

पोलिसांना फोन करावा की नाही, एवढाच खरा प्रश्न. तिघे फोन करीत नाहीत. प्रेताची ओळख पटू नये म्हणून त्याची विटंबना करून ते रानात पुरावयाचे ठरते, आणि हे काम कोणी करावयाचे यासाठी काड्या ओढतात. काडी निघते डेव्हिडच्या वाट्याला. येथून चित्रपट पालटतो. ज्याने ते घाणेरडे काम केले तो पैसे घेऊन पोटमाळ्यावर राहावयास जातो. तेथे तो खालच्या खोल्यांच्या छताला भोके पाडतो आणि आपल्याच मित्रांवर डोळा ठेवून बसतो. पैशाच्या मागावर आलेले दोन गुंड त्याच माळ्यावर मरतात; त्यांनाही पुरावे लागते. पुढे पोलिसांना ती प्रेते सापडतात, आणि त्याची बातमी आणावयाला वर्तमानपत्र पाठविते कोणाला, तर अॅलेक्सलाच!

ह्या प्रसंगांना आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. प्रेतावर हसणे हे चांगल्या माणसाचे लक्षण नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु नीट पाहा. आपण हसतो ते मेलेल्याला नाही. आपण हसतो ते ह्या सभ्य माणसांच्या सभ्यपणाला. घरातली भांडी आज कोणी घासावयाची हे ठरवावे, तशा सुरात ते प्रेताचे ठरवितात. हिशेबनिसाने हिशेब लपविला, बातमीदाराने बातमी दाबली, आणि डॉक्टरणीने मृत्यूची नोंद टाळली. प्रत्येकाने प्रथम आपल्या धंद्याशी बेइमानी केली. मित्राशी बेइमानी करण्याची पाळी नंतर आली. चित्रपटातले मर्म आम्हांला येथे दिसते.

ही गोष्ट नवी नाही. फार जुन्या काळी आपल्याच देशात ती सांगितली गेली आहे. पाली जातककथांतील अठ्ठेचाळिसावी कथा वेदब्भ जातक. एका ब्राह्मणाला आकाशातून रत्ने पाडण्याचा मंत्र येत असतो. पाचशे चोर त्याला धरतात आणि त्याच्या शिष्याला दंड आणावयास पाठवितात. मंत्र म्हणू नका, असे शिष्य बजावून जातो. पण सुटकेच्या घाईने गुरू रत्ने पाडतो. इतक्यात दुसरे पाचशे चोर येतात. त्यांच्यासाठी लगेच रत्ने पाडता येत नाहीत म्हणून ते ब्राह्मणाला मारतात, पहिल्या टोळीला मारतात, मग आपसात लढतात. शेवटी दोघे उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा गावातून भात आणावयास जातो आणि त्यात विष कालवतो. पहिला त्याला तलवारीने मारतो, भात खातो आणि मरतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये हीच कथा तीन उनाड सोबत्यांची म्हणून सांगितली, तेथे भाताच्या जागी मद्य आले. 2007 साली, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले श्रीराम राघवन यांनी ‘जॉनी गद्दार’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात पाच भागीदार एका चोरट्या सौद्यासाठी पैसे एकत्र करतात. त्यांतला सर्वांत लहान, सगळ्यांचा लाडका, ती रक्कम हडपण्याचा बेत करतो, आणि चालत्या आगगाडीत पहिला बळी पडतो. एक खोटे झाकावयाला दुसरा खून, दुसरा झाकावयाला तिसरा. येथेही आपण हसत हसत पाहतो, आणि हसू मध्येच घशात अडकते.

ह्या कथा एका ओळीत मांडल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जातकात लोभी होते ते रानातले चोर. चॉसरकडे ते गुत्त्यातले उनाड झाले. राघवन यांच्या कथेत ते सौदा करणारे भागीदार आहेत. आणि बॉईल यांच्या चित्रपटात तर ते शिकलेसवरलेले, पगारदार, ज्यांच्यापाशी आपण आपली मुलगी द्यावी असे लोक आहेत. त्यांना पैशाची नड नव्हती. त्यांना एकमेकांवाचून दुसरा समाज मात्र नव्हता.

असे लोक कोठून आले? आमच्या मते त्याला त्या देशाच्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे. ब्रिटनमधील खाणकामगारांचा संप 1984 च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि वर्षभराने मोडला. आपल्याकडे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्याची अखेर आपण जाणतोच. अशा पराभवानंतर, एकत्र येणे हा वेडेपणा आणि आपल्यापुरते पाहणे हे शहाणपण, असे मानणारी पिढी वाढली. चित्रपटातले तिघे त्या पिढीचे आहेत, असे आम्ही मानतो.

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वीसेक वर्षांपूर्वी कारखान्यात आम्हां बारा जणांची भिशी होती. दरमहा जमवावयाचे आणि दिवाळीला वाटून घ्यावयाचे. पैसे आमच्या एका जिवलग सोबत्याकडे असत. वही नव्हती. “मित्रामित्रांत वही कसली?” असे आम्हीच मोठ्या तोऱ्याने म्हणालो होतो. एका दिवाळीला रक्कम कमी भरली. कोणी कुजबुजले, आम्ही ऐकले. आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोदेखत म्हणालो, ट्रंक उघडून दाखव. त्याने उघडली. आत कपडे होते आणि मुलाची पुस्तके होती. पुढे दोन महिन्यांनी कळले की, आमच्यातल्याच एकाने तीन हप्ते भरलेच नव्हते, आणि त्याची अब्रू जाऊ नये म्हणून हा गप्प राहिला होता. आम्ही माफी मागावयास गेलो. त्याने चहा पाजला, वेशीपर्यंत पोहोचवावयास आला. पण त्यानंतर तो आमच्या शेजारी डबा उघडून कधी बसला नाही.

ह्या प्रकरणात चोर कोणीच नव्हता. ज्याचे हप्ते थकले तो अडचणीत होता. तरीही मैत्री गेली. म्हणून आम्ही म्हणतो की, मैत्रीला लोभाइतकाच, कदाचित अधिक, घातक आहे तो अंधार. डेव्हिड माळ्यावर चढला तेव्हा मित्रांनी त्याचे काही चोरले नव्हते. पण जो पैसा चारचौघांत मोजता येत नाही, त्याची राखण छताला भोके पाडूनच करावी लागते.

ह्यावर तोड काय? ती आपल्या मावळातच दगडावर कोरलेली आहे. आपण कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जातो, तेव्हा शेजारच्या चैत्यात क्षणभर थांबावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम अनेकांच्या दानातून उभे राहिले. कित्येक खांबांवर तो कोणी दिला त्याचे नाव ब्राह्मी लिपीत आहे. धेनुकाकट गावचे यवन आहेत, तेथलाच सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, आणि सामी नावाचा सुतारही आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल मोठा धनिक. पण त्याच्या नावाने सुताराचे नाव झाकले गेले नाही. आम्ही त्या लेखांना वर्गणीच्या पावत्या म्हणतो.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख याहून स्पष्ट आहे. भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि 1000 शेकडा पाऊण व्याजाने. ही गोष्ट नगरसभेत ऐकविली आणि फलकावर नोंदविली, असे त्या लेखातच म्हटले आहे. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेकडे ठेव ठेवतो आणि ती सर्वांसमक्ष वाचून दाखविली जाते! तिजोरी कितीही मजबूत असली तरी विश्वास असा उघड्यावरच टिकतो.

आमच्या चळवळीला हे उशिरा उमगले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले, तेव्हा त्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती आणि निधीही नव्हता. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या संघटनेचे हिशेब तपासून घेणे बंधनकारक केले, आणि वह्या पाहण्याचा हक्क साध्या सभासदाला दिला. ह्या तरतुदीकडे आम्ही अविश्वासाचे कलम म्हणून पाहत नाही. सोबत्याला ट्रंक उघड म्हणण्याची वेळ कोणावर येऊ नये, यासाठी ती आहे.

आज हे सांगण्याची निकड आहे. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, जमिनींना भाव आला, आणि मावळात कधी न पाहिलेला पैसा आला. सातबाऱ्यावर नावे एकत्र असलेले भाऊ एकमेकांच्या दारी जाईनासे झालेले आम्ही पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक लोभी नव्हते. सौदा कितीला झाला आणि कोणाला किती मिळाले, हे सगळ्यांना बसवून कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

चित्रपटाच्या शेवटी काय होते? तिघे स्वयंपाकघरात एकमेकांवर तुटून पडतात. डेव्हिड मरतो. अॅलेक्स खांद्यातून सुरी आरपार जाऊन जमिनीला खिळलेला असतो. ज्यूलिएट बॅग घेऊन विमानतळावर पोहोचते आणि उघडते, तर आत वर्तमानपत्रांची कात्रणे! पैसे असतात घराच्या लाकडी जमिनीखाली, आणि वर अॅलेक्स हसत पडलेला असतो. पैसा जागच्या जागी राहिला. मैत्री मात्र उरली नाही.

आमची श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. आपल्या मंडळाची, सोसायटीची, भावकीची वही ह्या आठवड्यात एकदा सर्वांसमोर उघडावी. आम्ही ती त्या दिवाळीच्या आधी उघडली असती, तर आमचा सोबती आज ह्या सभेत आमच्या शेजारी बसला असता.