कोसा कोणाचा?

रेशीम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चीन उभा राहतो. तुतीचा पाला, पांढरी अळी आणि राजवाड्यातील राण्या ही कथा शाळेपासून आपल्या कानी पडलेली असते. तुतीच्या रेशमापुरती ती ठीक आहे. परंतु आपल्या विदर्भाच्या जंगलात ऐनाच्या झाडावर जो कोसा होतो, त्याचे कुळ निराळे आणि इतिहासही निराळा. सावंगी (मेघे) येथे जमलेल्या श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरी करवतकाठी कोशाची साडी पेटीत जपून ठेवलेली असेल. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वस्तू हाती आली की ती कोणाच्या श्रमाची, हे आम्ही आधी विचारतो. कोशापुरते या प्रश्नाचे उत्तर एका पतंगाच्या जन्मकथेतून द्यावे लागते.

आधी त्याचे प्राचीनत्व पाहू. हडप्पा आणि चन्हुदडो येथे सापडलेले काही तंतू संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते जंगली पतंगांच्या रेशमाचे आहेत, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी या भूमीतील लोकांना हा धागा ठाऊक होता. फार दूर कशाला जा? आपल्या महाराष्ट्रात नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. तेथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते. ते ज्या दोऱ्यात ओवले होते, त्यात कापसासोबत रेशमाचेही तंतू निघाले. ते दफन तीन हजार वर्षांहून जुने आहे.

विद्वानांना मात्र हा पतंग ओळखायला बराच वेळ लागला. १७५८ साली लिनियसने ‘पाफिया’ हे नाव दिले, १७७३ साली ड्रुरीने ‘मायलिटा’ हे दिले, आणि पुढे कित्येक वर्षे आपला पतंग ग्रंथांतून कधी या नावाने तर कधी त्या नावाने वावरला. १८०४ साली रॉक्सबर्गने बंगालमधील टसर किड्यांचा वृत्तान्त लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापला. आज ‘अँथेरिया मायलिटा’ हे नाव रूढ आहे. गोंधळ वाढावा असेच या पतंगाचे रूप आहे. मादी मोठी, पिवळसर किंवा करडी, पोट फुगलेले. नर लहान, विटकरी तांबूस, आणि त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद. पाहणाऱ्याला ही दोन निराळ्या जातींची प्राणी वाटावीत. परंतु एक खूण दोघांनाही सारखी आहे: चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक चकती, जणू काच बसविलेली खिडकी. ॲटलास पतंगाची खिडकी तिकोनी असते, आणि चांदपतंग हिरवट, लांब शेपटांचा असतो. एवढे ध्यानात ठेवले तर चूक होणार नाही.

आता त्याचे आयुष्य. पावसाळा लागला की कोषातून पतंग संध्याकाळी बाहेर येतो. त्याला खाण्यापुरते तोंडच नसते. अळीपणी जे खाल्ले त्याच्यावरच त्याचे थोडे दिवस निभावायचे. त्यात मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. ऐन किंवा अर्जुनाचा पाला खात, चार वेळा कात टाकत त्या महिनाभरात, थंडीत त्याहून अधिक काळात, बोटाएवढ्या हिरव्या होतात. मग अळी फांदीला देठाने कडे घालून अंड्याच्या आकाराचा टणक कोष विणते. यालाच आपण कोसा म्हणतो. पहिल्या पिकातील कोसे मुख्यतः बियाण्यासाठी, पुढचे धाग्यासाठी. शेवटच्या पिकातला जीव कोषातच उन्हाळा काढतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो.

या चक्राला माणसाचा हात लागतो तो येथे. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आहे. झाडावर अळ्या सोडायच्या. पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखायच्या. एका झाडाचा पाला संपला की डहाळीसह त्यांना दुसऱ्यावर न्यायचे. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे चांगले कोसे न विकता बियाण्यासाठी ठेवायचे. घरात दाणा नसताना हा संयम पाळणे कसे असते, हे मजुरी करणाऱ्यालाच कळेल. वर रोगाचे भय. फ्रान्समध्ये १८६५ पासून पाश्चरने दाखवून दिले की अंडी घालून झाल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि रोगट मादीची अंडी फेकून द्यावीत. आज कोशाचे रोगमुक्त अंडीपुंजही याच रीतीने तयार होतात.

पुढे कोसे उकळून धागा काढण्याचे काम बहुतेक बायांचे. पूर्व आणि मध्य भारतात तो धागा उघड्या मांडीवर वळण्याची रीत होती. कातडी सोलवटून निघे. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे साधे यंत्र पुढे आणले, ते ही रीत थांबावी म्हणून. साडीची चमक ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मांडी ठाऊक नसते.

मग कोसा कोणाचा? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या यादीत टसर आणि कोसे यांची नावे घातली, आणि परंपरेने ते गोळा करणाऱ्या वनवासींचा त्यांच्यावर मालकी हक्क मान्य केला. गंमत अशी की कायद्याने त्यांना वनस्पतीजन्य वस्तूंत बसविले आहे. प्राणिशास्त्राला हे पटणार नाही. परंतु ऐन तोडला तर कोसा उरत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात खोट दिसणार नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तसा हक्क कागदावर मिळणे ही अर्धी लढाई. झाड राखणे, बियाणे मिळणे आणि भाव ठरविताना राखणदाराला बसायला जागा असणे ही उरलेली अर्धी. आपण शहरगावची माणसे तिच्यात एवढे तरी करू शकतो: कोशाची साडी घेताना दुकानदाराला विचारावे, हा कोसा कोणत्या जंगलातला, आणि तो राखणाऱ्याला काय मिळाले?