पाच सालची रेघ

आमच्या आजोळी, शिरोळ तालुक्यात, सोप्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक रेघ आहे. २००५ च्या महापुरात पाणी तिथवर आलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातून फोनवर "निघा आता" म्हणत होतो आणि मामा म्हणत होता, "पाच सालच्या रेघंला अजून दोन हात हाईत. तिच्यावर न्हाई यायचं."

कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्यांच्या सखल पट्ट्यात दरवर्षीच्या पुराला कुणी संकट म्हणत नसे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचं देऊळ थेट घाटावर आहे. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात. उत्तरेकडून शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की तो 'दक्षिणद्वार सोहळा', आणि त्या पाण्यात अंघोळीला लोक अपरात्रीही धावतात. पूर ओसरला की काठावर मळी राहते. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव या मळीच्या रानाची. (यावरून मी पुण्यात बरीच भांडणं केली आहेत.) घाटाच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं की जनावरं हलवायची, हे आज्जीला पाठ होतं.

पण तिने पाठ केलेली नदी वेगळी होती. १९६० च्या दशकात वर कोयना धरण झालं, १०५ टीएमसीचं. आता पाणी किती झपाट्याने चढणार हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवर ठरतं, आणि पायरीवरून ते कळत नाही. आता मोबाईलवर आकडा येतो, सांगलीच्या आयर्विन पुलाचा. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर. मधल्या त्या फुटांत रेघेच्या भरवशावर थांबलेली माणसं अडकली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसं बुडाली.

मामाचे दोन दिवस माळवदावर गेले. त्याला वेडा म्हणणं सोपं आहे. पण मी कोड लिहितो, आणि चौदा वर्षं बरोबर उत्तर देणारी गोष्ट मीही तपासली नसती.

पाणी उतरल्यावर त्याने नवी रेघ ओढली, खिडकीच्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा मी फोन केला, तर म्हशी आदल्या दिवशीच उंचावरच्या पाहुण्यांकडे गेल्या होत्या. "आणि रेघ?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे ती भिंतीवर," मामा म्हणाला.